कायोटीपासून कुत्रं-मांजर आणि शेळ्या-कोंबड्या कशा सांभाळायच्या

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळचे सहा, अजून उजाडायचं होतं, रात्री बर्फ पडून गेलेला आणि मी आमच्या चिंगी कुत्रीला घेऊन सबडिव्हिजनच्या मागच्या तळ्याकाठी निघाले होते. आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या सबर्बमध्ये राहतो. चिंगी बारा पाउंडांची, हातात तो लांब होत जाणारा रिट्रॅक्टेबल पट्टा, त्यामुळे ती माझ्या पुढे पंधराएक फुटांवर. तळं गोठलेलं आणि त्याच्या मधोमध एक कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखा अमेरिकन रानटी प्राणी, उभा. शेपूट खाली, कान ताठ, आणि माझ्याकडे तो बघतच नव्हता, त्याची नजर चिंगीवर होती. मी पट्टा ओढत तिला जवळ आणलं, उचललं आणि "ए हाड!" असं मराठीतच जोरात ओरडले, तेव्हा तो वळला आणि दोनदा थांबून मागे बघत सावकाश निघून गेला. झालं काहीच नाही, पण तो पट्टा मी घरी येऊन तडक कचऱ्यात टाकला आणि त्यानंतर या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचायला लागले.

त्याच दिवशी आमच्या वॉट्सॅप ग्रुपवर दोन तट पडले. एका बाजूला "आता मुलांना अंगणात सोडायची सोय राहिली नाही", दुसऱ्या बाजूला "अहो, तो बिचारा काही करत नाही". माझं मत विचाराल तर दोन्ही चूक. धोका खरा आहे, पण तो सरसकट सगळ्यांना नाही. तुमचं जनावर किती वजनाचं, कुठे आणि किती वाजता मोकळं असतं, आणि आसपास खायला काय पडलेलं असतं यावर सगळं ठरतं आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला आपण हात घालू शकतो, म्हणून हे लिहायला बसले.

आधी प्राणी नीट समजून घ्या. आपल्याकडच्या कोल्ह्याचा हा भाऊबंद शोभेल असा, फक्त जरा उंच आणि लांब पायांचा. वजन साधारण २० ते ४५ पाउंड, पूर्वेकडच्या राज्यांतले थोडे मोठे कारण त्यांच्यात लांडग्याचं आणि कुत्र्याचं रक्त मिसळलेलं आहे. हिवाळ्यात केस इतके दाट होतात की ३० पाउंडांचा प्राणी ५० चा वाटतो. पळताना शेपूट खाली ठेवतो आणि शेपटीचं टोक काळं, यावरून लांबूनही ओळखता येतो. हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे, शहरांतसुद्धा. शिकागो आणि आजूबाजूच्या कुक काउंटीत तर २००० सालापासून त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून अभ्यास चाललाय, आणि त्यातून दिसलं की बहुतेक कायोटी आपल्या घरांच्या मागेच आयुष्य काढतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. रात्री कोल्हेकुई ऐकून वीस-पंचवीसची टोळी आली असं वाटतं ना, ते बहुतेक वेळा दोघं-तिघंच असतात, आवाज इतका वर-खाली करतात की ऐकणाऱ्याची गणतीच चुकते.

माणसांचं म्हणाल तर नोंदवलेले मृत्यू दोनच. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलमध्ये तीन वर्षांची मुलगी आणि २००९ मध्ये कॅनडातल्या केप ब्रेटन हायलँड्स नॅशनल पार्कमध्ये एकटी ट्रेलवर चालणारी १९ वर्षांची तरुण गायिका. पाळलेल्या कुत्र्यांच्या चाव्याने अमेरिकेत दरवर्षी डझनावारी माणसं जातात, त्या मानाने हे बघा. तरी लहान मूल अंगणात एकटं सोडू नका, एवढं पाळायचंच.

आता मांजरांचं, कारण सगळ्यात जास्त धोका त्यांना आहे. शिकागोच्या भागात कायोटीची शी तपासली तेव्हा त्यात उंदीर, ससे, हरणं, फळं हेच मुख्य निघालं, मांजराचे अवशेष शंभरात एक-दोन नमुन्यांत. पण लॉस एंजेलिस शहरात असाच अभ्यास झाला तेव्हा जवळपास दर पाच नमुन्यांमागे एकात मांजर होतं. म्हणजे एका शहराचा आकडा दुसऱ्या शहराला लावून "आमच्याकडे काही होत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. जिथे मोकळी मांजरं भरपूर, तिथे कायोटीला त्यांची चटक लागते. माझं स्पष्ट मत, मांजर घरातच ठेवा. तिला हवा हवी असेल तर खिडकीला किंवा डेकला लागून जाळीचा बंदिस्त पिंजरा करून द्या, वर छत असलेला. हे जमतच नसेल तर निदान संध्याकाळी अंधार पडायच्या आधी आत आणायची आणि सकाळी पूर्ण उजाडल्याशिवाय सोडायची नाही. रोज संध्याकाळी एकाच वेळी आत खायला दिलं की मांजर त्या वेळी आपसूक दाराशी येतं, ही सवय आठवड्या-दोन आठवड्यांत लागते. भटक्या मांजरांना खायला घालत असाल तर दिवसा घाला आणि अर्ध्या तासात वाटी उचला, रात्रभर बाहेर ठेवलेली वाटी मांजरासाठी राहत नाही, कायोटीलाच आवतण होतं.

कुत्र्यांचा हिशेब वजनावर. २०-२५ पाउंडांच्या खालचं कुत्रं कायोटीला भक्ष्य वाटू शकतं, त्याच्यावरचं बहुतेक वेळा नाही, पण मोठ्या कुत्र्याला तो प्रतिस्पर्धी समजू शकतो आणि हे जानेवारी ते मार्च या काळात जास्त होतं कारण तेव्हा त्यांचा जोडी जमायचा हंगाम असतो. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात आणि मग उन्हाळाभर आईबाप हद्दीबाबत फार जागरूक असतात. या दिवसांत ट्रेलवर एखादा कायोटी थोडं अंतर ठेवून तुमच्या मागे-मागे येतो, हल्ला करत नाही पण जातही नाही, तेव्हा बहुतेक जवळपास बीळ असतं आणि तो तुम्हाला हद्दीबाहेर पोचवत असतो. अशा वेळी त्याला हुसकवायला त्याच्या अंगावर जायचं नाही, कुत्रं उचला किंवा जवळ धरा, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका आणि पुढचे काही आठवडे वाट बदला. बाकी ऑगस्ट संपता संपता पिल्लं मोठी होऊन पांगायला लागतात, तेव्हा अननुभवी तरुण कायोटी कुठेही दिसू शकतात.

पट्टा सहा फुटांचा, साधा, लांब न होणारा. हे मी अनुभवाने सांगते. कुत्रं मोकळं सोडून "बोलावलं की येतं हो आमचं" म्हणणारे खूप आहेत, पण कायोटी दिसल्यावर येत नाही, मागे धावतं. लोक म्हणतात ना की कायोटी कुत्र्याला खेळवत फसवून टोळीकडे नेतो, तसं काही ठरवून तो करत नाही. कुत्रं पाठलाग करतं, तो आपल्या टोळीकडे पळतो, आणि तिथे पोचल्यावर एकाचे तीन झालेले असतात. अंगावर काटे असलेलं जाकीट मिळतं छोट्या कुत्र्यांसाठी, मानेवरचा चावा त्यातून वाचू शकतो, घ्यायचं तर घ्या, पण जाकीट घातलं म्हणून अंगणात एकटं सोडू नका. रात्री शू करायला सोडताना दिवा लावा, स्वतः बाहेर जा, दारातून बघणं पुरेसं नाही कारण कायोटीला कुंपण चढून खाली यायला काही सेकंद लागतात.

कुंपणाचं सांगायचं तर सहा फूट उंची हवी आणि वरच्या कडेला फिरणारा रोलर बसवला तर त्याला पाय रोवून चढता येत नाही. पण लोक उंचीच बघत बसतात आणि तो येतो खालून. वाकून बघा, कुंपणाखाली मूठ जाईल एवढी फट असली तरी ती उकरून मोठी करता येते. जाळी जमिनीत गाडायची किंवा बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी पसरून खिळ्यांनी जमिनीला घट्ट करायची आणि वर माती टाकायची, म्हणजे तो कुंपणाच्या मुळाशी उकरायला गेला की पंजाखाली जाळीच येते. मागे सरून उकरायचं त्याला सहसा सुचत नाही.

मग खाण्याचं. "कोल्हा काकडीला राजी" म्हणतात ते या अमेरिकन भाऊबंदाला पण शंभर टक्के लागू आहे. झाडाखाली पडलेली सफरचंदं, पेअर, अंजिरं, परसातली टरबुजं, तो सगळं खातो. पडलेली फळं रोज उचला. बर्ड फीडर असेल तर खाली सांडलेले दाणे झाडा, दाण्यांवर उंदीर-खारी येतात आणि त्यांच्या मागे कायोटी. कुत्र्याचं खाणं, पाण्याची वाटी बाहेर ठेवू नका, कचऱ्याचा डबा उचलायच्या दिवशी सकाळी बाहेर काढा, कंपोस्टमध्ये उरलेलं शिजवलेलं अन्न, मांस, हाडं टाकू नका आणि बार्बेक्यूची जाळी धुऊन ठेवा. शेजारी कोणी मुद्दाम खायला घालत असेल तर गोड बोलून पण ठामपणे सांगा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत असं खायला घालणं बेकायदेशीर आहे, आणि माणसाच्या हातचं खाल्लेला कायोटी शेवटी धीट होऊन मारला जातो, त्यामुळे दया म्हणून घातलेला घास त्याच्याच जिवावर उठतो.

समोर आलाच तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांना आणि भारतातून आलेल्या आई-बाबांनाही आधी सांगून ठेवा. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. छोटं कुत्रं उचलायचं. हात वर करून मोठं दिसायचं, जोरात ओरडायचं, पाय आपटायचे आणि, वर सांगितलं तसं जवळ बीळ असायची शक्यता नसेल तर, त्याच्या दिशेने दोन पावलं टाकायची. खिशात एखादा सोडा कॅन ठेवा, आत दहा-बारा पेनी टाकून तोंडाला टेप लावलेला, तो खडखडवला की आवाज भयंकर होतो. परसात असाल तर पाण्याचा पाइप उत्तम. महत्त्वाचं म्हणजे तो पूर्ण नजरेआड होईपर्यंत हे सगळं करत राहायचं, मधेच सोडायचं नाही. आपण दोनदा ओरडून घरात गेलो आणि तो तिथेच उभा राहिला तर तो हेच शिकतो की ही माणसं नुसती ओरडतात. आणि तो आजारी, लंगडा किंवा खरजेने केस गेलेला दिसला तर हुसकवत बसू नका, अ‍ॅनिमल कंट्रोलला (जनावरांच्या तक्रारी बघणाऱ्या स्थानिक खात्याला) फोन करा.

कुत्र्या-मांजराला चावलंच तर, जखम किती लहान दिसते त्यावर जाऊ नका. कायोटी दात रुतवून झटका देतो, वर केसांत दोन बारीक भोकं दिसतात आणि कातडीखाली स्नायू फाटलेला असतो. त्याच दिवशी व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं, हातात ग्लोव्हज घालून हाताळायचं, रेबीजच्या लशीची नोंद बरोबर ठेवायची, लस घेतलेली असली तरी व्हेट बूस्टर देतात. कायोटीत रेबीज क्वचित आढळतो पण यात चान्स घ्यायचा नसतो. डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लशी तर एरवीही पूर्ण हव्यात, हे रोग त्यांच्यात फिरत असतात.

कोंबड्या पाळणारे आपल्यातही बरेच झालेत हल्ली. बाजारात जिला चिकन वायर म्हणतात ती षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवायला आहे, कायोटीला बाहेर ठेवायला नाही, तो ती दातांनी फाडतो. हार्डवेअर क्लॉथ नावाची अर्धा इंची चौकोनी तारेची जाळी घ्या, ती खिळ्यांवर न ठेवता स्क्रू आणि वॉशरने पक्की करा, खालच्या कडेला ती मघाशी कुंपणाचं सांगितलं तशी बाहेर पसरा आणि खुराड्याच्या दाराला दोन हालचालींत उघडणारी कडी लावा, कारण साधी कडी रॅकून नावाचा इथला रानटी प्राणी उघडतो आणि मग कायोटीचं आयतंच काम होतं. संध्याकाळी दार लावायची आठवण रोज कुणाला तरी राहीलच असं नाही, म्हणून टायमरवर बंद होणारं दार बसवलं तर पैसे वसूल आहेत, फक्त सगळ्या आत गेल्यात का हे मोजा. बाहेर राहिलेली एक कोंबडी बंद दाराशी बसून राहते आणि सकाळी पिसं सापडतात.

शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत मात्र मी "घाबरू नका" असं म्हणणार नाही, कारण इथे नुकसान खरंच मोठं आहे. अमेरिकेच्या शेती खात्याच्या २०१४ च्या आकड्यांत जंगली आणि भटक्या जनावरांनी मारलेल्या मोठ्या मेंढ्यांपैकी निम्म्याहून जास्त आणि कोकरांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश कायोटीने मारलेली. गाईंचं तसं नाही, मोठ्या गाईला तो सहसा हात लावत नाही, नुकतं जन्मलेलं वासरू आणि वीत असताना अडलेली गाय एवढंच जपायचं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रात्री कोंडणं. बहुतेक शिकार संध्याकाळ ते सकाळ या वेळात होते, तेव्हा सूर्य बुडताना जनावरं गोठ्याजवळच्या पक्क्या आवारात आणायची. विणाऱ्या शेळ्या आत, आणि वार पडली की लगेच उचलून पुरायची, मेलेलं करडू कुरणात पडू द्यायचं नाही. तिथे एकदा खायला मिळालं की त्याला वाट माहीत होते. विजेचं कुंपण लावणार असाल तर खालची तार जमिनीपासून सहा इंचांच्या आत हवी, कारण तो आधी खालूनच घुसायला बघतो, आणि गवत तारेला टेकू देऊ नका, करंट तिथेच गळतो. टेस्टर घेऊन आठवड्याला तपासा. कोरडा, जाड बर्फ असेल तर जमिनीचं अर्थिंग नीट लागत नाही आणि झटका कमी बसतो, म्हणून थंड भागात एक तार विजेची एक अर्थिंगची अशी आलटून पालटून लावतात. झगमगणारे दिवे, रात्रभर चालू रेडिओ हे काही आठवडे चालतं, मग त्याला सवय होते, विण्याच्या दिवसांपुरतं लावा आणि जागा बदलत राहा.

राखणीची जनावरं हा माझा सगळ्यात आवडता विषय. टेक्सासमध्ये माझ्या मावसभावाकडे वीसेक शेळ्या आहेत. त्याने आधी ग्रेट पिरेनीज जातीचं कुत्रं आणलं. या कुत्र्याचं पिल्लू दोन महिन्यांचं असल्यापासून शेळ्यांतच वाढवावं लागतं, घरात लाड करून मग कुरणात सोडलं तर ते दाराशी येऊन बसतं, आणि खरं काम द्यायला दीड-दोन वर्षं जातात. तोवर करडांशी दांडगाई करतं, तेव्हा लक्ष ठेवा. रात्रभर भुंकतं, तेच त्याचं काम, म्हणून शेजार जवळ असेल तर विचार करा. नंतर दादाने गाढवी आणली. संध्याकाळी मी कुंपणाशी उभी होते तेव्हा शेजारचं भटकं कुत्रं तारेखालून आत आलं, तर शेळ्या चरत राहिल्या आणि ही गाढवी मान खाली घालून, कान मागे पाडून सरळ त्याच्या अंगावर धावून गेली, कुत्रं आलं तसं बाहेर पडलं. गाढव घ्यायचं तर मादी किंवा खच्ची केलेला नर, अंडील नर करडांना इजा करतो. आणि एकच घ्या, दोन घेतली तर ती एकमेकांतच रमतात. अजून एक, शेळ्यांच्या ज्या खुराकात मोनेन्सिन नावाचं औषध असतं तो गाढवाच्या तोंडी जाऊ देऊ नका, त्याने गाढव मरतं. पिशवीवरचं लेबल वाचा. खच्ची केलेला लामा (उंटाच्या कुळातला प्राणी) सुद्धा असंच काम करतो.

मेलेलं जनावर सापडलं की लगेच कायोटीवर नाव घालू नका. मानेवरची कातडी सोलून बघा. कायोटी बहुतेक वेळा घसा, जबड्याच्या मागे धरतो आणि जिवंत असताना चावलं असेल तर आत रक्त साकळलेलं दिसतं. रक्त साकळलेलं नसेल तर जनावर आधीच मेलेलं होतं, त्याने नंतर फक्त खाल्लं. पाय, कान, मागचा भाग असं कुठेही चावलेलं आणि एका रात्रीत बरीच जनावरं जखमी, तर बहुतेक ते कुणाच्या तरी पाळीव कुत्र्यांचं काम असतं. फोटो काढा, ताडपत्री टाकून ठेवा आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला किंवा काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला (शेतीसल्ला देणाऱ्या कार्यालयाला) दाखवा.

शेवटी मारून टाकण्याबद्दल, कारण प्रत्येक चर्चा तिथेच येते. केंद्र सरकारचं खातं एकटंच वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतं आणि शंभर वर्षं मारूनही हा प्राणी उलट नव्या राज्यांत पसरत गेला. जागा धरून बसलेली आणि तुमच्या शेळ्यांना हात न लावणारी जोडी मारली की ती हद्द मोकळी होते आणि तिथे नवे येतात, ते कसे निघतील सांगता येत नाही. ज्याला चटक लागली आहे तो नेमका एक प्राणी काढला तर उपयोग होतो, पण ते जाणकाराचं काम. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीने २००० च्या सुमारास सरकारी सापळे बंद करून तोच पैसा शेतकऱ्यांना राखणीची कुत्री आणि कुंपणं यासाठी द्यायला सुरुवात केली, हा रस्ता मला जास्त पटतो. विष तर नकोच, ते शेजाऱ्याचं कुत्रं आणि आकाशातली घार दोन्ही मारतं. पकडून दुसरीकडे सोडणं बऱ्याच राज्यांत बेकायदेशीर आहे आणि नियम राज्यागणिक, गावागणिक बदलतात, म्हणून काहीही करण्याआधी राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करून विचारा. भरदिवसा माणसाजवळ येणारा, ओरडूनही न हलणारा किंवा पट्ट्यातल्या कुत्र्यावर आलेला कायोटी दिसला तर वाट न बघता कळवा, वेळ, जागा आणि तो नेमकं काय करत होता ते लिहून ठेवा, फोनवर पहिल्यांदा तेच विचारतात.